रानातली चूल

आमची धाकटी लेक आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिनं मोबाइलवर कुठल्याशा डोंगरातले रंगीत तंबू पाहिले. तंबूच्या पुढं शेकोटी, शेकोटीवर पातेलं आणि वर चांदण्यांनी भरलेलं आभाळ. ती आम्हाला म्हणाली, "बाबा, आपण असं उघड्यावर राहायला कधी जायचं? कोणत्या दिवसांत जावं लागतं?"

आम्ही काही बोलायच्या आत कोपऱ्यात तूर निवडत बसलेली आमची आई म्हणाली, "उघड्यावर ऱ्हायची हौस आली व्हय? माझी समदी जिनगानी उघड्यावरच गेली की!"

घरातले सगळे हसले. आई मात्र हसली नाही. ती परत तूर निवडू लागली.

लेकीचा प्रश्न आणि आजीचं उत्तर दोन्ही आमच्या डोक्यात बरेच दिवस राहिलं. आपल्या नांदेड-लातूरच्या मुलखात बाहेर राहायला आणि रानात स्वयंपाक करायला कोणता हंगाम चांगला? आणि ज्यांच्या आईबापांनी पोटासाठी तीन दगडांची चूल पेटवली, त्यांच्या लेकरांनी ती हौसेनं पेटवावी का? या दोन्ही गोष्टींवर आमच्या घरात वर्षभर बोलणं झालं. त्यातलं थोडं वाचकांना सांगावं म्हणून हे लिहीत आहोत. आपल्यातल्या बहुतेकांना वर्षातून मोजक्याच सुट्ट्या मिळतात आणि खिशातही मोजकेच पैसे असतात. म्हणून आम्ही एसटीनं किंवा रेल्वेनं जाता येईल अशाच ठिकाणांबद्दल बोलणार आहोत.

पावसाळा : पाहायला चांगला, राहायला नाही

पहिली पसंती सगळ्यांची पावसाळ्याला असते. उन्हाळाभर तापून निघालेला आपला मुलूख जुलैनंतर हिरवा होतो आणि माणसाला घरात बसवत नाही. नांदेड जिल्ह्यात पावसाळ्यात पाहावं असं ठिकाण म्हणजे सहस्रकुंड. पैनगंगा नदी काळ्या खडकांवरून इथं खाली उडी घेते. अलीकडं नांदेड जिल्हा, पलीकडं यवतमाळ. मुदखेडहून आदिलाबादकडं जाणाऱ्या लोहमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनही आहे. नदीला भरपूर पाणी असलं की धबधब्याचा आवाज लांबून ऐकू येतो आणि तुषारांनी अंगावरचे कपडे ओले होतात.

आम्ही तिथं एकदा दोन कुटुंबं मिळून गेलो होतो. खिचडी रांधायचा बेत होता. तांदूळ, डाळ, तेल, मीठ सगळं बरोबर होतं, फक्त वाळलेलं सरपण नव्हतं. झाडाखालचं सरपण वेचलं, तर ते पाण्यानं टम्म फुगलेलं. तासभर फुंकून डोळे लाल झाले. खिचडी वरून कच्ची आणि खालून करपलेली झाली. धुराचा वास इतका लागला होता की लेकरांनी ती तोंडात घेतली नाही. शेवटी घरून नेलेल्या भाकरी आणि ठेच्यावर दिवस भागला. तेव्हापासून आम्ही पावसाळ्यात घरूनच शिदोरी नेतो.

इथं एक गोष्ट जिवाची आहे. सहस्रकुंडाच्या वरच्या बाजूला पैनगंगेवर इसापूरचं धरण आहे. आपल्याकडं ऊन पडलेलं असलं तरी वर पाऊस झाला किंवा धरणाचं पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. खडकावर बसून फोटो काढणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात ठेवावं. काठच्या गावातला माणूस 'माघारी फिरा' म्हणाला, की वाद न घालता फिरावं.

दुसरी भीती विजेची. मराठवाड्यात वीज पडून दर वर्षी माणसं आणि जनावरं दगावतात. त्यात रानात काम करणारी गोरगरीब माणसंच जास्त असतात. पावसाच्या तोंडाला मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिचा जोर असतो. आभाळ गडगडायला लागलं की झाडाखाली थांबू नये. पक्क्या घरात जावं. घर जवळ नसेल तर मोकळ्यावर पाय जुळवून उकिडवं बसावं, आडवं पडू नये. वीज पडण्याचा इशारा देणारं 'दामिनी' नावाचं सरकारी ॲप आता मोबाइलवर मिळतं. घरातल्या पोरांना ते घेऊन ठेवायला सांगावं.

उन्हाळा : फक्त रात्रीचा

उन्हाळ्यात दिवसा बाहेर पडायची सोय नाही. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिसाच्या वर जातो. रात्र मात्र आपली असते. आमच्या लहानपणी गावात एप्रिल-मेच्या रात्री अख्खा वाडा अंगणात बाजा टाकून झोपायचा. म्हाताऱ्या माणसांनी आभाळातली तिकांडं आणि म्हातारीची बाज बोटानं दाखवली, ती तेव्हाची. शाळेत गेल्यावर कळलं की पुस्तकात त्यांना मृगातले तीन तारे आणि सप्तर्षी म्हणतात.

किनवट-माहूरच्या जंगलाची ओढ पुष्कळांना असते. पण जंगलात मनाला येईल तिथं मुक्काम करता येत नाही, चूल पेटवता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते. फेब्रुवारीच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंतचा काळ तर वणव्याचा. पानगळीचा जाड थर असतो, एक ठिणगी पुरते. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या आदिवासी बांधवांचा मोहफुलाचा आणि तेंदूपत्त्याचा हंगामही तेव्हाच असतो. आपल्या एका दिवसाच्या हौसेपायी त्यांचं वर्षाचं पोट जाळू नये.

उघड्यावर झोपायला लावणारा एक दिवस

हंगामांबद्दल बोलताना सप्टेंबरची अखेर आली, की आमच्या पिढीच्या मनात काहीतरी थांबतं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं मातीदगडांखाली गेली. जवळपास १० हजार माणसं मेली. दगडमातीची जड घरं होती, त्या भिंतींनीच झोपलेली माणसं गाडली.

त्यानंतर कितीतरी दिवस लातूर-उस्मानाबादकडं (आता धाराशिव म्हणतात) आणि आमच्या उदगीर भागातही माणसं घरात झोपली नाहीत. भिंत शाबूत असलेली माणसंसुद्धा अंगणात, देवळापुढं, विहारापुढं, रस्त्याच्या कडेला झोपत. वरून पाऊस लागलेला. पोत्यांच्या, साड्यांच्या, ताडपत्रीच्या झोपड्या झाल्या. गल्लीगल्लीत तीन दगडांच्या चुली मांडल्या गेल्या. एरवी एकमेकांच्या दारातही न उभे राहणारे लोक त्या दिवसांत एका ओळीनं आडवे झाले होते. पुढं घरं उभी राहिली, नवी गावठाणं झाली, आणि तसतशा ओळीही परत वेगळ्या झाल्या. तो मुक्काम हौसेचा नव्हता. उघड्यावर राहण्याची गोष्ट निघाली की आमच्याकडं ही आठवण आधी येते, म्हणून इथं लिहिली.

हिवाळा : खरा आपला हंगाम

आता मुद्द्याचं. आमच्या घरात शेवटी सगळ्यांचं एकमत झालं ते हिवाळ्यावर. पाऊस गेलेला, वाटा वाळलेल्या, सरपण कोरडं, साप-विंचू गारठ्यानं बिळात. नदीनाल्याला पाणी आहे आणि रानात खायला सगळं आहे. तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचा डहाळा, बोरं, ऊस, वालाच्या शेंगा, ओला वाटाणा. डिसेंबर-जानेवारीत आपल्या मुलखाएवढं श्रीमंत रान दुसरीकडं नसेल.

त्यात हुरड्याचा मान पहिला. रब्बी ज्वारीचं कणीस चिकात असतं, पण दाणा भरत आलेला असतो, त्या आठ-पंधरा दिवसांतच हुरडा होतो. आधी गेलं तर नुसतं पाणी, उशीर झाला तर दाणा टणक. जमिनीत वीतभर खोल आगटी करायची, तिच्यात गोवऱ्या पेटवायच्या, जाळ बसून रसरशीत आर झाला की कणसं त्यात खुपसायची. कणीस भाजून निघालं की तळहातावर चोळायचं. हात पोळतात, पण ज्याचे हात पोळले नाहीत त्यानं हुरडा खाल्लाच नाही असं समजावं. दाणे फुंकून भूस उडवायचं आणि गरम असतानाच खायचं. सोबत तिळाची किंवा जवसाची चटणी, लसणाचं तिखट, गूळ आणि दही. हुरड्यावर लगेच पाणी पिऊ नये, ताक प्यावं, असं जुनी माणसं सांगतात.

आता हुरडा पहिल्यासारखा सहज मिळत नाही. लातूर-नांदेडच्या रानात सोयाबीन वाढलं आणि ज्वारी मागं हटली. सोयाबीनला नगद पैसा मिळतो, ज्वारीला मजूर लागतात आणि पाखरं राखावी लागतात. शहराजवळ 'हुरडा पार्टी' म्हणून तिकीट लावून हुरडा खाऊ घालण्याचा धंदा निघाला आहे. त्यात वाईट काही नाही, पण चार माणसांच्या कुटुंबाला तो परवडत नाही. ज्यांच्याकडं थोडी जमीन आहे त्यांनी दोन-चार तास तरी ज्वारी पेरावी. जुनी गूळभेंडी हुरड्याला गोड लागते. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी वसंत' आणि राहुरीच्या विद्यापीठानं 'फुले मधुर' ही खास हुरड्याची वाणं काढली आहेत. मालदांडी भाकरीला चांगली, हुरड्याला ही.

हिवाळ्यातला आणखी एक मुक्काम वाचकांना नवा नाही. पौष पौर्णिमेला नांदेडजवळच्या दाभडला, महाविहार बावरीनगरात, धम्म परिषद भरते. गावोगावचे उपासक-उपासिका टेम्पो, ट्रॅक्टर, एसटी करून येतात. कडाक्याच्या थंडीत वाकळी पांघरून रात्र मैदानात काढतात. सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या ज्या बावरीची आणि त्याच्या सोळा शिष्यांची हकिकत आहे, त्याचं नाव या जागेला दिलं आहे. परिषदेत काय ऐकायचं ते भिक्खुसंघ सांगेल. आम्ही एवढंच सांगतो की चांदणी रात्र, हजारो माणसं आणि पहाटेचा चहा यांचं सुख ज्या लेकराला माहीत नाही, त्याला एकदा तरी तिथं न्यावं.

येळवस

पण आमच्या मनातला खरा दिवस त्याच्या पंधरा दिवस आधी येतो. मार्गशीर्षातली अमावस्या. पुस्तकात वेळ अमावस्या, आपल्या बोलीत येळवस. २०२४ साली तर ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि पुन्हा ३० डिसेंबरला. लातूर, धाराशिव, कर्नाटकातलं बिदर-कलबुर्गी आणि नांदेडचा देगलूरकडचा भाग अशा मुलखात हा दिवस पाळतात. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते. लातूर शहरात दुपारी गेलं तर संचारबंदी लागल्यासारखं वाटतं. दुकानं बंद, रस्ते रिकामे, सगळं शहर रानात जेवायला गेलेलं.

शेतकरी कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात. नव्या मडक्यात आंबील नेतात. ज्यांची श्रद्धा आहे ते कोपीत पाच दगड चुना लावून मांडतात, त्यांना पांडव म्हणतात, पूजा करतात, पिकावर आंबील शिंपडतात. संध्याकाळी गवताचा टेंभा पेटवून पिकाभोवती फिरवतात. आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही, ओळख असो नसो, हाक मारून जेवायला बसवतात. या दिवशी रानातून कुणी उपाशी जात नाही, असं सगळे सांगतात.

आमची आई एवढं मात्र सांगते, "उपाशी न्हवतं जात कुनी, खरं हाय. पन समद्यांला आत न्हवतं बलवत."

तिच्या लहानपणी येळवशीला तिची आई तिला घेऊन मालकाच्या रानात जायची. कोपीजवळ नाही, बांधावर बसायचं. आपलं गाडगं आपण न्यायचं. सगळ्यांची जेवणं झाली की घरची बाई वरून आंबील ओतायची. भज्जीचा वास दुपारपासून यायचा, ताटात यायला दिवस कलायचा. आई हे सांगताना कुणाला शिव्या देत नाही. "आंबील ग्वाड व्हती," असंही म्हणते. पण लग्न झाल्यावर ती येळवशीला कुणाच्याही रानात गेली नाही.

पुढं १९७२ चा दुष्काळ आला. आई खडी फोडायला गेली, सुकडी खाल्ली, मिलोची लाल भाकरी खाल्ली. त्यानंतर ऊसतोड. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला आईवडील दोघं मिळून एक कोयता म्हणून कारखान्यावर जायचे. पाचटाच्या कोपीत सहा-सहा महिने काढायचे. पहाटे तीनला उठून तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापायच्या, आम्ही पोरं शेजारी पोत्यात गुंडाळलेली. आमच्या एका भावंडाला त्याच कोपीत थंडीतापानं गमावलं. म्हणून आईनं एक बोललेलं होतं, "आता गॅसवर करीन, रॉकेलवर करीन, न्हाईतर उपाशी ऱ्हाईन, पन तीन दगडं म्या पुन्ना मांडनार न्हाई."

लेकीच्या तंबूवर ती का हसली नाही, हे वाचकांना आता कळलं असेल.

दोन एकर

आमच्या वडिलांनी गावच्या गायरानातले दोन एकर वहितीला आणले होते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लाखो माणसं तुरुंगात गेली, त्याच वाऱ्यानं आमच्या वाड्यातली माणसंही गायरानात उतरली. दगडगोटे वेचले, कुसळं उपटली. गावानं दोनदा उभ्या पिकात जनावरं सोडली. वडिलांनी दंड भरला आणि दंडाच्या पावत्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या. ते म्हणायचे, "ही पावती न्हाई, हा आपला सातबारा हाय." १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरची वहिती नावावर करून द्यायचं सरकारनं १९९१ साली ठरवलं. आमच्या कागदाला मात्र त्यानंतरही वर्षांवर वर्षं लागली. कुठल्या कचेरीत किती चपला झिजल्या ते सांगत नाही, कारण ती कथा पुष्कळ वाचकांच्या घरातही आहे. वडिलांच्या हयातीत कागद झाला नाही. मागच्या पावसाळ्यात तो झाला. पेटीतल्या पावत्याच शेवटी पुरावा म्हणून कामी आल्या.

सातबाऱ्याचा उतारा आईच्या हातात दिला. तिला वाचता येत नाही. तिनं आपलं नाव कुठं आहे ते विचारलं, त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं.

त्यानंतरची पहिली येळवस जवळ आली आणि घरात वाद सुरू झाला. आमचे मेहुणे म्हणाले, "येळवस आपला सण नव्हे. बाबासाहेबांनी प्रतिज्ञा दिल्यात, त्यात हे पांडव-लक्ष्मी बसत नाही." त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. आमची सौ. म्हणाली, "पूजा कोण करतंय? रान आपलं आहे, तूर आपली आहे, रांधायचं आणि खायचं." लेक म्हणाली, "आणि रात्री तिथंच झोपायचं." सगळ्यांनी आईकडं पाहिलं. आई दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "वाल भिजू घाला."

रजा काढून आम्ही नांदेडहून मुखेडमार्गे एसटीनं गावाकडं निघालो. सोबत दोन वाकळी, एक घोंगडं, ताडपत्री, पातेलं, परात, पाण्याची घागर आणि आईचा काथवट. लेकीनं विचारलं, "तंबू कुठंय?" आम्ही शेजाऱ्याकडून कडब्याच्या पंधरा-वीस पेंढ्या आणल्या, तिरक्या उभ्या करून वरून बांधल्या. तासाभरात कोप झाली. आत कडबा अंथरला. लेक आत जाऊन आडवी झाली आणि म्हणाली, "हे तर तंबूपेक्षा ऊबदार आहे." आई बाहेर उभी राहून कोपीकडं पाहत होती. पाचटाच्या कोपीनंतर ती पहिल्यांदाच कोपीजवळ आली होती.

मग आम्ही चूल मांडायला घेतली. आम्हाला वाटलं बांधाच्या कडेला मांडावी. दगड ठेवला, तो हलत होता. दुसरा ठेवला, पातेलं कलंडलं. आई बघत राहिली आणि मग तिला राहवलं नाही. "आरं, वारं उगवतीकडून हाय, तोंड हिकडं कशाला करतूस? जाळ कोपीत जाईल की." ती खाली बसली. खुरप्यानं जमीन सारखी केली. तीन दगड उचलले, एकमेकांवर आपटून पाहिले. भेगाळलेला एक बाजूला टाकला, कारण तो तापला की फुटून उडतो. चुलीचं तोंड वाऱ्याकडं ठेवलं, कोपीपासून पंधरा पावलं लांब. भोवतीचं गवत काढून टाकलं. मग ती मेहुण्यांना म्हणाली, "बग बाबा, पाच न्हाई, तीनच मांडलेत." मेहुणेही हसले आणि सरपण फोडायला बसले.

भज्जी आणि आंबील

वाचक भगिनींसाठी आमच्या घरची रीत सांगतो. आंबील आदल्या रात्री लावायची. ज्वारीचं पीठ आंबट ताकात कालवून मडक्यात झाकून ठेवायचं. सकाळी पाणी उकळून त्यात ते पीठ सोडायचं, गुठळी होऊ न देता हलवत शिजवायचं. गार झाल्यावर आणखी ताक, वाटलेला लसूण, जिरं, मीठ आणि कोथिंबीर घालायची. उन्हात रान फिरून आल्यावर वाटीभर प्यायली की जीव थंड होतो.

भज्जीला जे रानात असेल ते चालतं. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि शेंगदाणे आधी शिजवायचे. त्यात मेथी, चुका, कांद्याची पात, वांगं, गाजर चिरून घालायचं. हिरव्या मिरचीचा आणि लसणाचा ठेचा भरपूर. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आंबट ताकात किंवा चिंचेच्या कोळात कालवून वरून ओतायचं आणि घट्ट होईतो हलवायचं. सोबत ज्वारी-बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, भाकरी, गव्हाची गुळाची खीर आणि आंबट भात. आमच्याकडं दूध कमी होतं, खीर पातळ झाली. कुणी तक्रार केली नाही.

जेवणाआधी बुद्धवंदना झाली. मग आई ताट न घेता उठली आणि बांधावर जाऊन बसली. वाटेनं जो कुणी जाईल त्याला ती हाक मारत होती, "या, बसा, जेवून जावा." एक मेंढपाळ आला, दोन शाळकरी पोरं आली, सालगडी आला. सगळ्यांना कोपीजवळ, आमच्याच ओळीत बसवलं, त्याच पळीनं वाढलं. गावातले एक वयस्क गृहस्थ मोटारसायकलवरून चालले होते. आईनं त्यांनाही हाक मारली. ते थांबले, म्हणाले, "पोट भरलंय, पुढच्या साली येतो," आणि गेले. आम्हाला ते लागलं. आई म्हणाली, "जेवायचं का न्हाई, ती त्येची मर्जी. हाक मारायचं आपलं काम." आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

त्या रात्री आम्ही रानातच राहिलो. अमावस्येचा अंधार असा, की आपला हात आपल्याला दिसू नये, आणि वर चांदण्या मोजता येऊ नयेत. तिकांडं उगवतीला वर आलं होतं. लांबच्या रानांतले टेंभे विझत गेले, कुठंतरी पाण्याची मोटार सुरू झाली, मग तीही थांबली. पहाटे इतकं दंव पडलं की वाकळ वरून ओली झाली. लेकीला थंडीनं जाग आली तेव्हा आजी चुलीजवळ बसलेली होती. तिनं आर उकरून चहा ठेवला होता. लेक तिच्या घोंगड्यात शिरली आणि विचारलं, "आजी, तू झोपली न्हाईस?"

आई म्हणाली, "झोपले की. पयल्यांदाच झोपले रानात. पयलं नुस्ती पडत व्हते."

जाताना ध्यानात ठेवायच्या गोष्टी

रान कुणाचंही असो, मालकाला विचारून जावं. चूल कडब्याच्या गंजीपासून, कोपीपासून आणि वाळक्या पिकापासून लांब मांडावी आणि निघताना पाणी ओतून आर पूर्ण विझवावा. नुसती माती टाकली तर आत धग राहते. नदीतला किंवा ओढ्यातला ओला दगड चुलीला घेऊ नये, तापल्यावर तो फुटतो. पिण्याचं पाणी घरून न्यावं, कारण २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेला हा मुलूख आहे, कुणाच्या विहिरीवर ऐन वेळी भार टाकू नये. लेकरांना कानटोपी आणि म्हाताऱ्यांना जास्तीची वाकळ घ्यावी. डिसेंबरातली पहाट आपल्याकडंही हाडं गोठवते. प्लॅस्टिकच्या पत्रावळी रानात टाकून येऊ नयेत, जनावरं खातात. वेळ असेल तर वाटेत औसा तालुक्यातली खरोशाची लेणी पाहावीत. तिथल्या एका लेणीतली बैठी मूर्ती बुद्धाची म्हणून ओळखली जाते आणि टेकडीवर शिदोरी सोडायला जागाही चांगली आहे.

ज्यांच्याकडं अजून स्वतःचं रान नाही, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. वाड्यातल्या चार घरांनी मिळून ज्याच्याकडं तुकडा आहे त्याच्या रानात जावं, एकानं तूर आणावी, एकानं पीठ, एकानं सरपण. आमच्या दोन एकरात पुढच्या येळवशीला जागा आहे.

लेकीनं शाळेच्या वहीत 'माझा आवडता ऋतू' असा निबंध लिहिला. हिवाळ्यावर लिहिला. गुरुजींनी खाली लाल शाईनं विचारलं आहे, "कोप म्हणजे काय?" तिनं उत्तर लिहायला आजीला शेजारी बसवून घेतलं आहे. आजी सांगते आहे आणि नात लिहिते आहे. पान भरत आलं आहे, अजून ऊसतोड यायची आहे.